करडईच्या घाण्यात पाणी कोणी घातले

श्री. बसप्पा गाणगेर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा माझा विचार नव्हता. समितीने मजकडे मुद्रिते तपासण्याचे काम दिले होते, तेवढेच मी करत होते. प्रास्ताविक चरित्र तपासताना हे वाक्य आढळले : "पुढे वार्धक्यामुळे बसप्पांच्या हातून पाण्याचे प्रमाण चुकले, तेल बिघडले आणि तेलघाणी शिक्षणवर्ग बंद करावा लागला, तथापि तेवढ्याने त्यांच्या पूर्वीच्या सेवेचे मोल कमी होत नाही." हे वाक्य खोटे आहे. मी ते लाल शाईने खोडले. दुसऱ्या मुद्रितात ते जसेच्या तसे परत आले. तेव्हा मी अध्यक्षांच्या घरी गेले.

ते म्हणाले, "बाई, हे खुद्द बसप्पांनी बैठकीत सांगितलेलं आहे. इतिवृत्तात आहे. पाच वर्षांनी उकरून कोणाचं भलं होणार?"

"इतिवृत्त माझ्या हातचं आहे," मी म्हटले, "आणि ते खोटं लिहिलं गेलं आहे."

"मग तुम्हीच काय ते लिहा. छापू."

म्हणून हा लेख. वाचकांनी तो चरित्राच्या त्या पानाशेजारी ठेवून वाचावा.

मी येथे सोलापूरला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आले तेव्हा महायुद्ध संपून चार-पाच वर्षे झाली होती. शाळेला जोडून लहानसे वसतिगृह होते. पेठेतून डब्यातले तेल येई. त्याला एक विचित्र वास असे, आणि मुलींच्या पोटाच्या तक्रारी कायमच्या. दोन दुकाने बदलून पाहिली, वास तोच. शेवटी एका सकाळी मी स्वतः तेली गल्लीत गेले. तिथे त्या वेळी बरेच घाणे चालू होते. सगळ्यात स्वच्छ अंगण ज्यांचे दिसले त्यांच्या दारात मी उभी राहिले. ते बसप्पा. वयाने साठीच्या जवळ, कपाळावर भस्म, धोतर गुडघ्यापर्यंत खोवलेले, आणि उजवा हात कोपरापर्यंत तेलाने चमकत असलेला.

"बर्री, बर्री," ते कानडीत 'या, या' म्हणाले. "हितं बसा, बाई. तितं तेल सांडलंय."

"मला बसायचं नाही. तुमचं तेल शुद्ध आहे याची खात्री काय?"

"माजी खात्री मीच कशी दिऊ? बी तुमच्या हातानं निवडा. डोळ्यांदेखत काढतो. बैल फिरंल तवर बसावं लागंल मातर. बैलाला घाई करता येत न्हाई."

आतून त्यांच्या सुनेचा, निलव्वांचा आवाज आला, "मामा, शाळंतल्या बाई हायत त्या. त्यास्नी उभं ऱ्हायाचीच सवय हाय की."

मी बसले. जवळजवळ अर्धी सकाळ बसले. ज्यांनी घाणा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जमिनीत पुरलेले मोठे उखळ असते. त्यात लाट म्हणजे एक जाड लाकडी दांडा तिरपा टेकवलेला असतो. झापड बांधलेला बैल उखळाभोवती फिरतो तशी लाट फिरते आणि भरडलेले बी चिरडत जाते. काही वेळाने त्या भरडीवर पाण्याचा शिपका द्यावा लागतो. पाणी पडले की पेंड एका अंगाला धरते आणि तेल सुटे होते. पाणी कमी पडले तर तेल पेंडीतच राहते. जास्त पडले तर ते तेलात शिरते, आणि ते तेल टिकत नाही. बसप्पा दर थोड्या वेळाने उखळात हात घालत, चिमूटभर भरड अंगठ्याने तळव्यावर चोळत आणि मग ओंजळीतून पाणी शिंपडत.

"किती पाणी घातलंत?" मी विचारले.

"मागितलं तेवढं."

"कोणी मागितलं?"

"भरडीनं."

ते उत्तर मला उडवाउडवीचे वाटले. पण तेल चांगले होते. त्या दिवसापासून वसतिगृहाचे तेल बसप्पांकडून येऊ लागले आणि मुलींच्या तक्रारी थांबल्या.

त्यांच्याकडे जाणे-येणे वाढले तशी या धंद्याची अवस्था मला कळत गेली. ती गौरवग्रंथात लिहिण्याजोगी नाही, तरी लिहिते. इंजिनाच्या गिरण्या आल्यावर लहान घाणेवाले बुडाले असे सगळेच म्हणतात. ते अर्धे खरे आहे. त्याआधी बुडाली ती शिकवण. उखळाच्या आतला लाकडी गाभा दोन-तीन वर्षांत झिजतो. तो कोरून नवा बसवणारे सुतार गिरण्यांच्या कामाला निघून गेले. मग घाणेवाले झिजलेल्या गाभ्यावरच घाणा चालवत राहिले. निम्मे तेल पेंडीत जाऊ लागले. ती तूट भरून काढायला कोणी नासके बी घेऊ लागले, कोणी भेसळ करू लागले. बी कसे पारखावे, किती ऊन द्यावे, तेल किती दिवस निवू द्यावे, हे बापाने मुलाला सांगायचे असते. मुलगा पहाटे कापडगिरणीच्या भोंग्याला निघून जातो. बापाने सांगायचे कोणाला?

बसप्पा हे सगळे आपल्या अंगावर घेत. लाकूड तासायचा वाकस, तीन पटाश्या आणि एक पहार एवढे सामान पोत्यात घालून ते गावोगाव जात आणि लोकांचे घाणे दुरुस्त करून देत. एकदा मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर होते. एका घाणेवाल्याकडे पेंड ओली निघते असे त्यांना कळले होते. आम्ही दारात गेलो तर तो गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभा.

"सोलापूरचं तेली आमास्नी शिकवायला आलं व्हय? तुमास्नीच इंजनानं गिळलंय न्हवं?"

"अजून घशात हाय," बसप्पा म्हणाले. "पोटात जायच्या आदी तुझा घाणा नीट करून जातो. हो बाजूला."

तो हसला आणि बाजूला झाला. बसप्पा दुपारभर उखळात डोके घालून लाकूड तासत होते. संध्याकाळी पेंड खडखडीत निघाली. त्या गृहस्थाने तिचा तुकडा मोडून पाहिला, वास घेतला आणि बसप्पांच्या पाया पडला. बसप्पा त्याला म्हणाले, "पाया नगं. पटाशी धरायला शीक." तो शिकला नाही. पुढच्या वेळी गाभा झिजला तेव्हा त्याने घाणा बंद केला.

भेसळीचा विषय निघाला म्हणून एक प्रसंग सांगते, तो मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. वास नसलेले, पाण्यासारखे पांढरे खनिज तेल विकणारा एक दलाल गल्लीत फिरत असे. करडईत ते मिसळले तर कोणाला कळत नाही, असे तो सांगे. बसप्पांनी त्याचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग निलव्वांना हाक मारून एक पळी मागवली, दलालाच्या डब्यातूनच ती भरली आणि त्याच्यापुढे धरली.

"आदी तू पी. मग मी घालतो."

"अहो अण्णा, हे प्यायचं नसतं."

"मग माजी गिऱ्हाइकं काय अंगाला लावत्यात व्हय?"

दलाल पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही. शेजारच्या गल्लीत मात्र दिसत असे.

अशा माणसाचा हात आणि डोळा वाया जाऊ नये म्हणून आम्ही काही मंडळींनी तेलघाणी शिक्षणवर्ग काढला. त्याच्या समितीचे अध्यक्ष आजचेच. मी चिटणीस. शाळेमागच्या रिकाम्या पडवीत घाणा मांडला. बसप्पा शिक्षक. विद्यार्थी तिघे आले. दोघे सहा महिन्यांत गेले, कारण घरच्यांना रोजची मजुरी हवी होती. राहिला तो केम गावचा धोंडिबा. बायकामुलांचा माणूस, तिशी ओलांडलेला, बोलायला कमी. बसप्पा त्याच्याबद्दल म्हणत, "ह्याच्या तळव्याला डोळं हायत." तीन वर्षांत त्याला पूर्ण तयार करायचे ठरले होते.

आता माझा दोष.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकले त्याला आज कितीतरी वर्षे लोटली. पण त्या शिक्षणाचा अभिमान माझ्या मनातून कधी गेला नव्हता. शिकवायचे ते मोजता आले पाहिजे आणि लिहिता आले पाहिजे, असे माझे मत होते. "मागेल तेवढं पाणी" हे मला शिक्षण वाटेना. मी रेघ आखलेला काचेचा पेला आणला. पंधरवडाभर बसप्पांच्या शेजारी बसून ते ओंजळीने घालत ते पाणी मोजून घेतले, त्याची सरासरी काढली आणि एक तक्ता करून भिंतीवर लावला. इतक्या पायली करडईला इतके पेले पाणी, पहिला शिपका केव्हा, दुसरा केव्हा. तक्ता सुरेख झाला होता. तो पाहायला लोक येत.

बसप्पांनी एकदाच विचारले, "बाई, बी वाळलेलं हाय का सर्दावलेलं, ते कागदाला कसं कळंल?"

"अण्णा, शाळेत अंदाज चालत नाहीत," मी म्हटले.

"तुमी म्हनाल तसं."

काही महिने तक्ता बरोबर चालला. तो चालण्याचे कारण मला तेव्हा समजले नाही. सगळे बी एकाच राशीतले होते. पावसाळ्यात ते संपले. समितीने दुसरे बी घेतले. ते ज्या गोदामात होते तिथे पत्र्याला गळती होती. भाद्रपदाच्या शेवटी ते वर्गात आले. दिवाळीसाठी समितीच्या सभासदांनी आणि गावातल्या बऱ्याच घरांनी वर्गाचे तेल आगाऊ सांगून ठेवले होते. नेमके त्याच वेळी बसप्पांची मुलगी अक्कलकोटला बाळंतीण झाली आणि ते चार दिवस तिकडे गेले. जाताना मला म्हणाले, "मी येईस्तवर घाणा नगा लावू." मला दिवाळी दिसत होती. मी घाणा लावायला सांगितला.

धोंडिबाने भरडीत हात घातला आणि काढला. पुन्हा घातला.

"बाई, ह्यात पानी नगं वाटतंय. आदीच लिबलिबीत हाय."

"तक्त्यात काय आहे?"

"दोन पेलं."

"मग दोन घाला."

"अण्णा असतं तर..."

"अण्णा नाहीत. तक्ता आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि दोन पेले घातले. चार दिवस आम्ही तसेच तेल काढले. बसप्पा परतले तेव्हा डबे भरून, झाळून, घरोघर पोचले होते. उरलेल्या एका भांड्यात त्यांनी बोट बुडवले, जिभेला लावले आणि विचारले, "हे किती घरांत गेलं?" मी आकडा सांगितला. ते खाली बसले.

दिवाळीत काय झाले ते गावातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. अध्यक्षांच्या घरी पहिल्या चकल्या कढईत सोडल्या तेव्हा फेस वर आला, चुलीवर उतू गेला आणि त्यांच्या पत्नीचा हात पोळला. ज्यांचा फराळ तळून झाला त्यांच्या डब्यांना पाडव्यापर्यंत खवट वास सुटला. लाडवांशेजारी ठेवलेल्या शेवेने लाडू नासले. तेली गल्लीत नव्हे, गावातल्या शिकल्यासवरल्या घरांत वर्गाचे नाव शिवी होऊन बसले.

दिवाळीनंतर बैठक भरली. सभासद वर्गाकडे कधी फिरकत नसत, म्हणून बसप्पा ते चार दिवस गावात नव्हते हे त्यांना ठाऊक नव्हते. अध्यक्षांनी विचारले, "एवढं पाणी कोणी घातलं?" धोंडिबा दाराशी उभा होता. त्याने तोंड उघडले. बसप्पा त्याच्याकडे वळून म्हणाले, "धोंडिबा, बैलाला पानी दावून ये जा." तो गेला. मग बसप्पा म्हणाले, "माज्या हातनं जास्त झालं. वय झालं, साहेब."

माझ्या हातात टाक होता. मी ते वाक्य लिहून घेतले. शाई वाळेपर्यंत खाली पाहत बसले. त्या क्षणी मला हायसे वाटले, हे मी लपवणार नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटले, "अण्णा, हे तुम्ही काय केलंत?"

"तुमी लिहून घेतलं न्हवं? मग झालं."

"मी उद्या सांगते त्यांना."

"नगं. तुमचं नाव आलं तर म्हनतील, बाईमानसाच्या हाती कारभार दिला की असंच हुतंय. मग पोरी शाळंत धाडनार न्हाईत. माजं काय? इंजन आज न उद्या मला गिळनारच हाय."

शाळेचा विचार करून मी गप्प राहिले, असे मी स्वतःला पाच वर्षे सांगत आले. शाळेला काही झाले नाही, हे खरे. पण बसप्पांचा हिशेब चुकला होता. इंजिनाने त्यांना गिळायच्या आधी हे वाक्य त्यांना पुरून उरले. तेली गल्लीत माणसाचे नाव म्हणजे त्याचा हात. "बसप्पांचा हात गेला" ही गोष्ट महिनाभरात सगळ्या पेठांत झाली. लग्नघरची गिऱ्हाइके तुटली. ज्या मठाच्या समईला त्यांच्या तीन पिढ्यांनी तेल पुरवले तिथून निरोप आला की आता दुसरीकडून घेऊ. वर्षाच्या आत घरचा घाणा थांबला आणि बैल मंद्रूपच्या बाजारात गेले. वर्ग त्याआधीच बंद झाला होता. शिकवणाऱ्याचाच हात चुकतो तर शिकायचे काय, असे सभासद म्हणाले. मीच ते इतिवृत्तात लिहिले.

घाणा थांबल्यावर मी एकदा त्यांच्या घरी गेले. बसप्पा नव्हते. निलव्वा अंगण झाडत होत्या. झाडणे न थांबवता म्हणाल्या, "बाई, मामांनी तुमचं नाव झाकलं. आमचं कुनी झाकायचं?"

मी तिकडे जाणे बंद केले.

बसप्पांनी मात्र माझ्याकडे येणे बंद केले नाही. माझ्या आईचे गुडघे धरले होते. हे त्यांना कुठून कळले कोण जाणे. एका सकाळी ते तिळाच्या तेलाची बरणी घेऊन आले. स्वतःचा घाणा नव्हता, म्हणून दुसऱ्याच्या घाण्यावर, दुसऱ्याच्या बैलामागे बसून त्यांनी ते काढले होते. पुढे प्रत्येक थंडीत ते आणत राहिले. एकदा आईने त्यांना विचारले, "आमच्या हिने तुमच्यावर असे काय उपकार केले आहेत हो?"

"बाईंनी मला सही शिकवली," ते म्हणाले.

वर्ग चालू असताना मी त्यांना नाव लिहायला शिकवले होते, हे खरे आहे. ते गेल्यावर आई म्हणाली, "चांगला माणूस जोडलास." मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई दोन वर्षांपूर्वी वारली. तिला मी शेवटपर्यंत सांगितले नाही.

या सत्काराची कल्पना निघाली तेव्हा, तुम्हाला काय आवडेल हे विचारण्यासाठी समितीने मला बसप्पांकडे पाठवले. बऱ्याच काळाने मी त्या अंगणात पाऊल ठेवले. ते बाजेवर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता आणि तो थरथरत होता.

"शाल नगं," ते म्हणाले. "धोंडिबाला बोलवा. हात हलाया लागलाय. पुरता जायच्या आदी त्याला दिऊन टाकतो. शेजाऱ्याचा घाणा मागून घिऊ. सा महिनं पुरं हायत."

मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने केमला गेले. धोंडिबा स्टेशनाजवळच्या एका इंजिनाच्या तेलगिरणीत पोती मोजायच्या कामावर होता. मला पाहून तो उठला, हात पुसले आणि एक पोते झटकून बसायला दिले. मी अण्णांचा निरोप सांगितला. त्याने पुरता ऐकून घेतला.

"शिकून काय करू, बाई?"

"घाणा घाला. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही, अण्णाच म्हणतात."

"कुटं घालू? लाट घडवायला सुतार न्हाई. बी बाजारात यायच्या आदी वॅगनीत जातंय. लोकास्नी डबा पायजे, घाण्याचं तेल कुनाला पायजे? पोराला बी हितंच लावलाय."

"अण्णांचा हात थरथरतो आहे. आता नाही तर कधीच नाही."

त्याने गिरणीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"कागद आनलाय का संगं?"

मग त्यालाच वाईट वाटले. "तसं न्हवं, बाई. त्या दिशी मीबी दोन पेलं घातलंच की. न्हाई म्हनाया पायजे हुतं. अण्णास्नी सांगा, धोंडिबा बरा हाय." गाडी येईपर्यंत तो माझ्याजवळ फलाटावर उभा राहिला.

परत येऊन मी बसप्पांना सांगितले.

"आला न्हाई?"

"नाही."

"बरा हाय न्हवं?"

"बरा आहे."

"साक," ते म्हणाले. कानडीत याचा अर्थ पुरे. मग त्यांनी निलव्वांना चहा टाकायला सांगितला.

या ग्रंथात इतरांनी बसप्पांना ग्रामोद्योगाचे अध्वर्यू म्हटले आहे. ते ऐकायला बरे वाटते. पण लहान घाणेवाल्यांना काय हवे होते हे ज्याला कळले होते त्याच्या आसपास आपण सगळे पंधरा वर्षे वावरलो, आणि त्याच्यापाशी जे होते ते एकाही माणसाच्या हाती पूर्ण पोचले नाही. घाणेवाल्याला व्याख्यान नको होते. बी हातात घेऊन शेजारी बसणारा शिक्षक हवा होता, सलग दोन-तीन वर्षे. त्या काळात त्याच्या घरी चूल पेटेल अशी सोय हवी होती. गाभा कोरणारा सुतार तालुक्याला एक तरी हवा होता. आणि शिकवताना माझ्यासारख्या शिकलेल्या माणसांनी थोडे गप्प बसायला हवे होते. यातले काही आता होईल असे मला वाटत नाही. तेली गल्लीतून परवा गेले तर एकाही अंगणातून लाटेचा आवाज आला नाही. उद्या कोणी वर्ग काढायला निघाले तर शिकवायला कोण आहे? तरीही कोणाला बसप्पांकडे जाऊन बसायचे असेल तर ते सकाळी घरी असतात आणि कोणालाही नाही म्हणत नाहीत. त्वरा करावी. जाताना पेला नेऊ नये.

सत्काराच्या दिवशी त्यांना शाल घालायची असेल तर घालावी. पण आधी चरित्रातले ते वाक्य भर सभेत वाचावे आणि ते खोटे आहे असे सांगावे. सांगायला मी उभी राहीन.

बसप्पांना आणखी पुष्कळ वर्षे मिळोत. त्यांच्या हाताचा थरकाप थांबो. डोळ्यांनी त्यांना शेवटपर्यंत नीट दिसो, गुडघे त्यांना अंगणापर्यंत नेवोत, जेवण गोड लागो. त्यांच्या घरात आजारपण न येवो. निलव्वांना आणि त्यांच्या मुलाबाळांना त्यांचा आधार फार दिवस राहो. याहून अधिक मागायला मला तोंड नाही.

शेवटी, चिटणीस या नात्याने माझ्याकडे वर्गाचे जे सामान राहिले होते ते हा लेख छापखान्यात देण्याच्या आदल्या सकाळी मी बसप्पांच्या घरी पोचते केले, त्याची नोंद अशी :

लाट एक, बाभळीची, वापरलेली. उखळाचा गाभा एक, बसप्पांनी नमुन्यासाठी कोरलेला, न वापरलेला. वाकस एक. पटाश्या तीन. पेंड काढायची पहार एक. बैलाची झापडे दोन. हे सर्व बसप्पांनी पाहून, मोजून घेतले आणि पोचेवर स्वतः सही केली. हात हलल्यामुळे सही दोन ओळींत उतरली आहे.

याखेरीज एक पत्र, मराठी व कानडी अशा दोन प्रतींत, माझ्या सहीचे : सदर तेलात पाणी माझ्या हुकमावरून घातले गेले, त्या दिवसांत श्री. बसप्पा गाणगेर अक्कलकोट येथे होते, त्यांचा यात काहीही दोष नाही. हे पत्र बसप्पांनी घेतले नाही. "ऱ्हाऊ द्या की, बाई," म्हणाले. मराठी प्रत अध्यक्षांच्या स्वाधीन केली. कानडी प्रत निलव्वांनी माझ्या हातातून घेतली, शेजारच्या शिक्षकांकडून मोठ्याने वाचवून घेतली, आणखी एकदा वाचायला लावली, आणि घडी करून पदराला बांधली. त्यांच्याकडे मी पोच मागितली नाही.